सातवी वाटी

खेळ सोपा आहे, असं शर्वाणीबाई म्हणाल्या.
टेबलावर पातेलं. ते धरण.
पातेल्यात दोनशे फुटाणे, पिशवीत आणखी दोनशे,
सकाळी मीच मोजले;
मोजता मोजता दोन खाल्ले, ते नोंदीत नाहीत.

सहा वाट्या, शहराचे सहा भाग.
प्रत्येकाला एक चमचा
आणि एक घडी घातलेली चिठ्ठी, शेजाऱ्याला न दाखवायची.
फेरी दोन मिनिटांची. बोलायचं नाही.
तळाशी जितके उरतील
तितकेच पिशवीतून पुन्हा पडतील. तो पाऊस.

पहिल्या फेरीत सगळे सभ्य.
दुसरीत कोथरूडच्या लेल्यांनी
चमचा जरा खोल घातला.
ते बघून दांगटांनी,
ज्यांचे खरेखुरे टँकर धायरी फाट्यावर उभे असतात,
चमचा बाजूला ठेवून वाटीच बुडवली.
तिसऱ्या फेरीत पातेल्याचा तळ वाजला.

लोहगावच्या सुनंदाताई खांदवे
टेबलाच्या टोकाला. वाटीत अकरा फुटाणे.
म्हणाल्या, "हे खेळून काय बघायचं?
घरी रोजच असतं."
कुणी हसलं नाही.
मग लेले हसले, एकटेच, थोडे उशिरा.

चहानंतर दुसरा डाव. आता बोलायला परवानगी.
पुण्यात अशी परवानगी द्यायची म्हणजे
चाळीस मिनिटं हिशोबातून वजा:
मीटर, माणशी लिटर, कोण किती कर भरतो,
एक जुना ठराव, त्याची झेरॉक्स,
आणि "प्रश्न तत्त्वाचा आहे" तीनदा,
मी वहीच्या कडेला रेघा ओढल्या.

सोपान खुटवड अजून बोलले नव्हते.
सव्वीस वर्षं वॉलमन,
पहाटे साडेतीनला लोखंडी चावी खांद्यावर टाकून
झोपलेल्या गल्ल्यांचं पाणी फिरवणारा माणूस.
एक खुर्ची रिकामी होती म्हणून त्यांना बोलावलं होतं.
त्यांनी बशांच्या चळतीमागून एक वाटी ओढली,
पातेल्यातून मूठभर फुटाणे घेतले, तिच्यात टाकले.

"ही कुणाची?"
"कुणाची नाही. गळती."
"नियमात नाहीये ती," शर्वाणीबाई म्हणाल्या.
"रस्त्याखाली तरी कुठं नियमात आहे, बाई."

मग बोटानं टेबलावर ओली रेघ काढत गेले,
चहाच्या कपाखालच्या पाण्यातून:
इथं सांधा. इथं केबलवाल्यांनी दोनदा खणलं.
इथं वडाचं मूळ पाइपात शिरलंय, त्याचं काय चुकलं.
इथं मी सायकलची ट्यूब बांधली होती,
दोन महिन्यांसाठी.
सात वर्षं झाली.

तोवर प्रत्येकाचा डोळा शेजारच्या वाटीवर होता.
आता सगळे त्या वाटीकडे बघत होते
जिच्यापुढे कुणी बसलेलं नव्हतं.

लेल्यांनी तत्त्व सोडून पहिल्यांदाच काही विचारलं:
"ही बुजवायला किती लागतील?"
"पाच. प्रत्येकाचे. तीन फेऱ्या."
सुनंदाताईंनी आपल्या चौदातले पाच मोजून दिले.
त्यानंतर नाही म्हणणं अवघड होतं.

दांगटांनी चिठ्ठी उलगडून टेबलावर ठेवली:
"टंचाई वाढली की तुमचा फायदा."
"खेळात हे लिहून दिलं," ते म्हणाले,
"बाहेर लिहावं लागत नाही."
बराच वेळ वाटीच्या कडेवरून अंगठा फिरवला.
"दोन देतो. पाच नाही."
दोन घेतले.

सहाव्या फेरीअखेर सुनंदाताईंच्या वाटीत सव्वीस,
लेल्यांच्या वाटीत अठ्ठेचाळीस.
समान नाही. कुणी तसं म्हटलंही नाही.
पण पातेलं वाजलं नाही.

छापील तक्त्यात सहाच रकाने होते.
सातवा मी पट्टीशिवाय आखला,
वाकडा आला.

हॉल आवरताना फुटाणे पुन्हा मोजले:
तीनशे एक्क्याऐंशी.
दोन माझे. उरलेल्या सतरांचा हिशोब लागेना.
दारात खुटवड चपला घालत होते, तोंड हलत होतं.
माझ्या हातातली वही बघून म्हणाले,
"लिहा की. रकाना आहे ना आता?"