इतर, असल्यास नमूद करावे

रेंकच्या छावणीत, नदीच्या बाजूला,
कडुनिंबाखाली एक टेबल आणि तीन खुर्च्या.
एक खुर्ची लंगडी, तिच्यावर मी.
मी अविएन. दुभाषी.
रोजाने. पाणी त्यांचं, सावली झाडाची.

पहिल्याच पानावर तो शब्द आहे : मानवी तस्करी.
मुथोनी मॅडम नैरोबीच्या. म्हणतात,
सांग ना सोप्या भाषेत.

सोप्या भाषेत गुरं पळवणाऱ्याला शब्द आहे.
पोरगी पळवणाऱ्यालाही आहे,
आणि दंडाच्या गायी किती, तेही ठरलेलं.
पण जी स्वतःच पिशवी भरते,
आईकडून कपाळावर पाणी शिंपडून घेते
आणि हसत ट्रकमध्ये चढते,
तिला नेणाऱ्याला काय म्हणायचं,
मला सापडत नाही.
शेवटी मी म्हणते : तो, जो काम लावून देतो.
बाया एकदम माना हलवतात.
हां, तो.

दुपारपर्यंत अकरा जणी झाल्या.
बारावी न्याथोव. खार्तूममध्ये चहा विकायची,
अजून पदराला सुंठीचा वास.
घरात माणसं किती?
ती बोटं मोजत जाते,
करंगळीशी थांबते.
ही धरायची का, विचारते मला,
हिचा फोन रमजानपासून लागत नाही.
मी मॅडमना विचारते.
मॅडम मार्गदर्शक पुस्तिका चाळतात.
वारा पुढची दोन पानं आपणहून उलटतो.

प्रश्न एकोणतीस.
असं होऊ नये म्हणून इथे कशाची गरज आहे?
पर्याय : पोलिसांना प्रशिक्षण. जनजागृती फलक.
तक्रार पेटी. महिलांसाठी शिलाईचे वर्ग.
मी वाचून दाखवते, आवाज सपाट ठेवून.
न्याथोव म्हणते, चार्जिंग.

काय?
चार्जिंग. फोनचं.

मग ती सांगते, आणि मी मागोमाग इंग्रजीत,
माझंच बोलणं मला उशिरा कळत जातं :
पाण्याच्या टाकीमागे तिजानी बसतो.
सोलरचा पाटा, खाली वायरींचं जाळं.
बाकीचे पैसे घेतात, तो घेत नाही.
फोन त्याच्याकडे तीन तास असतो.
तीन तासांत त्याला कळतं
कुणाचा नवरा महिनाभर बोलला नाही,
कुणी कुणाकडे पीठ उसनं मागितलं,
कुणाची पोर किती मोठी झाली, फोटोसकट.
मग एक दिवस अनोळखी नंबरवरून
बाईचा आवाज येतो, गोड, आपल्याच बोलीतला,
आणि तिला तुमचं सगळं माहीत असतं.
आभाळातून मावशी उतरावी तसं.
माझी गेली ती त्या आवाजावर विश्वासून.
मला फलक नको.
मला भिंतीत दोन भोकं द्या, विजेची,
आणि तिथं बसायला एक म्हातारी,
जिला वाचता येत नाही.

मॅडम पेन थांबवतात.
एकोणतीसमध्ये वीज नाही.
वीज दुसऱ्या विभागाकडे, दुसऱ्या निधीत,
पुढच्या तिमाहीत बैठक आहे.
शेवटी 'इतर'च्या पुढं बोटभर रेघ,
तिच्यावर त्या लिहितात,
अक्षर बारीक करत करत,
समासापर्यंत जाऊन वरच्या बाजूला वळतात.
शाबास म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

जाताना न्याथोवनं विचारलं, मग करंगळीचं काय झालं?
मॅडमनी पाहिलं माझ्याकडं.
मी विचारलं नाही त्यांना. मीच सांगितलं,
धर.

ऊन टेबलावर आलं तेव्हा आम्ही कागद आवरले.
एका दिवसात चौदा. उद्या परत.
मॅडम म्हणाल्या, अविएन, तुझा नंबर दे,
गाडी निघाली की कळवते.

मी पिशवीत हात घातला.
मग आठवलं.
सकाळी घाईत, पाणी भरताना,
फुकट आहे म्हणून,
माझाही त्याच्याकडेच ठेवून आले होते.
एव्हाना पूर्ण भरला असेल.