साकु

उद्यमबागेतल्या माझ्या फाउंड्रीत
बसाप्पा लोखंडाचा रस रंगावरून ओळखायचा.
पायरोमीटर आणला त्या दिवशी
काट्याकडे पाठ करून म्हणाला, "साकु. ओता."
काटा मागाहून त्याच्याच आकड्यावर येऊन थांबला.
मी त्या भट्टीवर वाढलेला माणूस.

बावन्नाव्या वर्षी सांबऱ्याला विमान शिकायला गेलो.
मुचंडीकर सरांनी टोपी चढवली,
घाण्याच्या बैलाची झापडंच ती.
खाली फक्त सहा तबकड्या.
"आता हिडकलचं पाणी नाही, यळ्ळूरचा गड नाही.
बूड काय सांगतंय तेपण ऐकायचं नाही बघा."
असे पाच तास. वहीत शिक्का.
हौसेनं उडणाऱ्याला तेवढं पुरे, मी ठरवलं.
जास्तीचे तास म्हणजे जास्तीचं बिल.

ऑक्टोबरात एकटाच चंदगडच्या अंगाला गेलो.
उसावर दुपार होती,
आणि मग नव्हती.
काचेला बाहेरून चुना फासल्यागत.
मी सरळ बसलो होतो. शपथेवर सांगतो, सरळ.
तबकडीतलं विमान तेवढं डावीकडे कललेलं
आणि उंचीचा काटा उतरत होता
शिडीवरून गवंडी उतरतो तसा, निवांत.

पहिला विचार आला: काटा बिघडलाय.

पाच तासांतलं काय आठवलं?
सरांच्या पेन्सिलीचं टोक, काचेवर टकटक.
"ह्याला विचारा. स्वतःला नंतर."
पंख सपाट केले, तर अंग ओरडायला लागलं, उलटतोयस.
ओरडू दिलं.
हळूहळू, अगदी हळू, आल्या दिशेला वळलो.
मार्कंडेयच्या काठी कोणीतरी ट्रॅक्टर धूत होतं.
एवढं सुंदर चाक मी आजवर पाहिलं नाही.

"मग किती तास हवेत हो सर?"
त्यांनी बशीत चहा ओतला.
"थोडं शिकवलं तर माणूस ढगात घुसतोय.
नाही शिकवलं तर ढग माणसात.
आकडा मला पण ठाऊक नाही की वो."

बसाप्पाला सगळं सांगितलं.
त्यानं एवढंच विचारलं, "काटा खरा होता?"
होता.
बराच वेळ तो भट्टीकडे बघत राहिला,
मग बाहीनं पायरोमीटरची काच पुसली.
"मग आता साकु काय, मालक?"

"इन्नु बेकु," मी म्हणालो.
शनिवारी सातला परत टोपी.
बायकोला बिलाचं अजून सांगितलेलं नाही.