प्रश्न क्रमांक सात

प्रश्न क्रमांक सात असा आहे:
गेल्या तीस दिवसांत किती वेळा वाटलं
की आपण कुचकामी आहोत?
कधीच नाही. क्वचित. पुष्कळदा. सतत.
विचारते मी इंग्रजीतून,
पण मनातल्या मनात मराठी होतं त्याचं,
आणि 'कुचकामी'शी दरवेळी जीभ अडते.

बाल्टिमोरच्या पश्चिमेकडची गल्ली, जुलै, दुपारचे तीन.
ओडेसा पेटिफर्ड संगमरवरी पायरीवर बसलेल्या.
या पायऱ्या दर शनिवारी घासायचो, त्या सांगतात,
आईच्या हाताखाली, गुडघे सोलेस्तोवर.
समोर घरांच्या रांगेत
पुढचा दात पडल्यावर राहते तशी खिंड.
टायर, गादीच्या स्प्रिंगा, सुया,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा चपटा फुगा,
आणि कमरेएवढं रान.
रात्री तिकडे कुत्रंसुद्धा बघत नाही.

"क्वचित," त्या म्हणाल्या.
मग माझ्या पेनाकडे बघत,
"नाही, पुष्कळदा लिही.
परत येशील तेव्हा
सुधारायला जागा राहू दे."

आमच्या खात्यानं चिठ्ठ्या टाकल्या.
संगणकानं टाकल्या,
म्हणजे पाप कुणाच्याच हाताला लागलं नाही.
निम्म्या जागा साफ होणार,
निम्म्या जशा आहेत तशाच राहणार
तुलनेसाठी.
'तुलनेसाठी' हा माझा शब्द.
त्याचाच मला पगार मिळतो.

एप्रिलात ट्रक आला. दोन दिवसांचं काम.
माती सपाट, गवताचं बी,
काठ्यांना बांधलेली दोन किडकिडीत झाडं,
आणि गुडघ्याएवढं लाकडी कुंपण,
मधे फट ठेवलेलं,
माणूस आत जाईल, गाडी जाणार नाही एवढी.
बस्स. बाग म्हणवत नाही त्याला.
बाकसुद्धा नाही.

सप्टेंबरात गेले तर पायरी रिकामी.
काळजात चर्र झालं.
ओडेसाबाई समोर, गवतात,
स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसलेल्या,
शेजारी तीच पायऱ्या पुसायची बादली,
झाडापुरतं पाणी तळाशी शिल्लक.
दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे अडतीस.
गेल्या वर्षी छप्पन्नाच्या घरात होता.
एका बाईचा आकडा म्हणजे काहीच नव्हे,
असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.
मी तो ठळक लिहिला.

प्रश्न क्रमांक सात.
"एकदाच," त्या म्हणाल्या.
"याला पाणी घालायचं राहिलं त्या दिवशी."
एकदाच, असा पर्याय नाही.

तिथून चार गल्ल्यांवर कॉर्नेल विगिन्स.
आठवड्यातून तीनदा डायलिसिस,
उरलेले दिवस खिडकी.
खिडकीत रान, टायर,
आणि या वर्षी एक नवीन फ्रिज, दार नसलेला.
"तिकडे गवत आलंय म्हणतात. आमचा नंबर कधी?"
माझ्याकडे छापील उत्तर आहे.
अभ्यास पूर्ण झाल्यावर विचार केला जाईल.
ते मी वाचून दाखवलं, स्वर न बदलता.

ते हसले, हसता हसता खोकले,
खोकला थांबल्यावर म्हणाले,
"म्हणजे आम्ही असेच राहिलो
तर तुमचं गणित बरोबर येणार."
मी फॉर्म उलटा केला, सुलटा केला.
यासाठी रकाना नव्हता.

प्रश्न क्रमांक सात.
"आधी तू सांग," ते म्हणाले.

बाहेर आले. त्यांच्या पायरीवर बसले.
मोज्यांना कुसळं चिकटली होती,
ओडेसाबाईंच्या गवतातली, न कापलेल्या कडेची,
घोट्यापर्यंत, टोचत असलेली.
एकेक उपटून काढली.
मूठभर झाली.
समोर रान, फ्रिज, उतरतं ऊन.

कुठे टाकली,
ते शेऱ्याच्या जागेत
मी लिहिलेलं नाही.