ताम्रपट

कोल्चेस्टरला, पोस्टाच्या मागच्या गल्लीत
थरगुडबाईंचं दुकान. बुधवारी मी तिथे जाते
जुन्या छापचित्रांवरची बुरशी उतरवायला.
मऊ ब्रश, टीपकागद, श्वास जरा आवरून.

आज खोक्यात एकच बाई, सात वेळा.
पहिल्यात ती नवरी: गाल फुगीर, गळ्यात मोती,
परक्या बंदरावर उतरलेल्या मुलीचं असतं तसं
गरजेपेक्षा थोडं जास्त हसू.
दुसऱ्यात मांडीवर मूल.
तिसऱ्यात मूल नाही.
चौथ्यात टोपीवर पिसं, इतकी, की कोरणाऱ्याला
चेहऱ्यापेक्षा पिसांचेच पैसे जास्त मिळाले असावेत.
पाचव्यात ती खुर्चीत, भोवती लॉर्डांची दाटी,
तिच्या अंथरुणावरच्या चादरींची
भर सभेत चौकशी चाललेली.
सहावं टवाळीचं: सुटलेलं पोट, लाल नाक,
रंग कुणीतरी हाताने भरलाय, रेषेबाहेर.
खपायची हीच जास्त, म्हणतात थरगुडबाई,
आणि बिस्किटाचा डबा पुढे करतात.

नवऱ्याच्या राज्याभिषेकाला गेली,
तर दारावर तिकीट मागितलं तिला.
भिंग धरलं की मला हेच आठवतं.
राणी.
आणि तिकीट.

भाऊ मिरजेला भांड्यांवर नावं कोरायचे,
दुकानाबाहेरच्या स्टुलावर, मांडीवर पोतं टाकून.
टिंबाला टिंब लावत एकेक बाई उमटायची
ताटाच्या काठावर: सौ. अमकी, सासरचं आडनाव,
लग्नाची तारीख.
एकदा फोनवर त्यांना सांगितलं,
इथल्या कारागिरांना तांब्यावर सगळं उलटं कोरावं लागे,
उजवीकडे बघणारी बाई डावीकडे बघणारी.
"मग चुकलं तर कळायचं कधी?"
छापल्यावर.
"म्हणजे उशीरच झालेला," भाऊ म्हणाले.

एका दुपारी एक माणूस गोणी घेऊन आला होता.
पराती, डबे, घागर, बंब सोडून सगळा संसार.
नाव घालवा म्हणाला.
भाऊ म्हणाले, नाव जात नाही, भांडं पातळ होतं.
तरी घासत बसले तीन दिवस कानस घेऊन,
रात्री आई त्यांच्या तळव्यांना खोबरेल लावायची.
जिथे 'सौ. प्रभावती' होती तिथे उथळ खळगा राहिला,
पाणी ओतलं की थेंबभर तिथेच थांबायचं.
एक फुलपात्र मात्र परत गेलं नाही.
मोजताना चुकलं असेल, भाऊ म्हणाले,
आयुष्यात पहिल्यांदा मोजताना चुकलेले.
मी बारावीपर्यंत त्यातूनच पाणी प्यायले,
ओठांना टिंबं लागायची.

सातवं चित्र शवयात्रेचं.
घोडे, पावसाळी झाकड, रस्त्याकडेला टोप्या काढलेली माणसं.
बंदराकडे नेताना एक रात्र तिला ठेवलं होतं
इथेच, वरच्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये.
तिची इच्छा होती, शवपेटीवर लिहावं: छळलेली राणी.
तिच्या माणसांनी पाटी लावली.
सरकारी माणसांनी काढली.
ती कुठे गेली, कुणाच्या फडताळात,
की वितळून दाराची कडी झाली,
मला ठाऊक नाही. येताना त्याच चर्चवरून येते मी,
बससाठी धावत.

चित्राची खालची पट्टी कुणीतरी कापलीय,
फ्रेममध्ये बसत नव्हती म्हणून.
नाव त्या पट्टीवर होतं.
मागे पेन्सिलने लिहून ठेव, म्हणतात थरगुडबाई,
गिऱ्हाइकाला कळायला हवं ना.
पंचेचाळीस पौंड, फ्रेमशिवाय.

रात्री फोन केला. भाऊंचा हात आता कापतो,
रिसीव्हर कानावर आपटल्याचा आवाज येतो मधूनमधून.
सगळं ऐकून घेतलं त्यांनी,
चादरी, तिकीट, पाटी.
मग विचारलं, नाव काय तिचं?
मी सांगितलं.
त्यांनी हळूच, अक्षरं सुटी करत, म्हणून पाहिलं.
"पाच अक्षरं," म्हणाले.
"कोरायला अवघड नाही."