मालदांडीची बिअर

मल्लेशम बिंगीनं मालदांडी भिजवली,
मोड आणले, गच्चीवर वाळवली.
अर्धी चिमण्यांनी खाल्ली.
उरली तिची बिअर.

अशोक चौकामागच्या खोलीत
ओल्या चादरीखाली बारा बाटल्या.
बाहेर त्रेचाळीस डिग्री.
रात्री दोन फुटल्या.
शेजारच्या राजव्वाला वाटलं,
धोटा उडून भिंतीवर आदळला.

मी दुकानातली नेली होती, थंडगार.
म्हटलं, ही होटगी रोडला घे
नाहीतर गुवाहाटीला,
घोट तोच. फसवत नाही.
'टॉवेल आहे हा,' तो म्हणाला,
'आपण विणतो तसला.
डझनात बारा, बाराही सारखे.
एक वेगळा निघाला
की मालक मजुरीतून कापतो.'

मग त्यानं आपली ओतली.
गढूळ. फेस आला तसा गेला.
आंबट, शिळ्या भाकरीच्या वासाची,
तळाशी बोटभर गाळ.
खरं सांगू? चांगली नव्हती.
मी तसं बोललोही.

'मागच्या खेपेची बरी होती.
पुढची कशी होईल, माहीत नाही.'
हे सांगताना त्याचा चेहरा…
वीस वर्षं शेजारच्या मागावर उभा आहे मी,
हा चेहरा पाहिला नव्हता.

शेंगाचटणी संपली.
माझी बाटली उघडायची राहून गेली,
पाणी सुटून फरशीवर
ओला गोल तेवढा उमटला.

सकाळच्या पाळीला
ताण्यातला एक धागा तुटला.
जोडला.
पण जरा उशिरा.