ढीग क्रमांक चार

उद्यमबागेत, नाल्याकडच्या अंगाला आमची शेड.
तिथली माती मुठीत घेतली तर
बोटांना धरून बसते, साबणालाही दाद देत नाही.
बावीस वर्षं ट्रान्सफॉर्मर उघडले मी.
जुनं तेल कुठं टाकता, कुणी विचारलं नाही.
कोपरा होता. ओतलं.
कोपऱ्यानं कधी नको म्हटलं नाही.

शाहीन मुल्ला आली बाटल्या आणि कुदळ घेऊन.
वीतभर खणलं, वास घेतला,
म्हणाली, मेली नाही ओ काका, गुदमरलीय.

मग खानापूरच्या रानातलं कुजकं लाकूड आलं,
पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी विणलेलं,
येळ्ळूरचा पेंढा आला,
आणि मैलापाण्याच्या टाकीतला वाळका गाळ,
अख्ख्या बेळगावानं पोटातून सोडलेला,
जेवताना ज्याचं नाव काढत नाहीत.

भरमव्वा खोऱ्यानं थर ओढते, पाट्या मोजते:
ओंदु, एरडु, मूरु.
मी वहीत एक, दोन, तीन लिहितो.
अणबे, ती म्हणते.
अळंबी, मी म्हणतो.
बुरशी दोघांनाही ओ देत नाही, तिला काम आहे.

दहाव्या दिवशी ढिगात हात घातला.
ऊबदार.
व्यालेल्या म्हशीच्या कुशीसारखा.
आत कुणीतरी माझं तेल खात होतं,
डोळे नाहीत, दात नाहीत,
मी एका बादलीत ओतलेलं
कणाकणानं उसवत होतं.
लाज वाटली. हात मात्र लगेच काढला नाही.

चार महिन्यांनी कागद आले.
तीन ढीग उतरले.
चौथा तसाच. भिंतीजवळचा,
पहिल्या वर्षांचं तेल, जुन्या डब्यांतलं.
हे हट्टी असतं, शाहीन म्हणाली,
अजून तीन पावसाळे तरी.
मुलगा म्हणतो, वर काँक्रीट ओतू, जागा विकू.
मी सदुसष्टचा. खोरं अजून माझ्याकडंच आहे.

मातीची परीक्षा म्हणून कुंड्यांत मेथी पेरली.
वीस वीस दाणे.
पहिल्या ढिगाच्या कुंडीत एकोणीस आले.
चौथ्याच्या कुंडीत दोन,
तेही मान वाकडी करून, पिवळट.

मी वही उघडली.
थांबा की, भरमव्वा म्हणाली,
त्या दोघांच्या मुळाशी चूळभर पाणी सोडत,
आज नका लिहू.
दृष्ट लागंल.