दोन बोटं वर

एलिसेओ नाउएल्किन, माझे आजोबा,
यांनी एकदा घर समुद्रावरून नेलं.
थट्टा नाही. चिलोएत तेव्हा नेत असत.
भूकंपानंतर जमीन हातभर खचली होती,
भरतीचं पाणी बटाट्याच्या शेतात चढून
परत जायचं नाव घेईना.
मग शेजाऱ्यांनी खांबांवरून घर सोडवलं,
बैलांच्या अकरा जोड्यांनी ते किनाऱ्यापर्यंत ओढलं,
चहूबाजूंनी रिकामी पिंपं बांधली,
आणि चार होड्यांच्या मागे ते निघालं
समोरच्या बेटाकडे.

आजी आतच बसून राहिली.
चूल विझवायला तिनं साफ नकार दिला.
ज्यांनी पाहिलं ते सांगतात,
पाण्याच्या मधोमध धुराडं धूर सोडत होतं
आणि खिडकीत एक कोंबडी होती, तांबडी.
(कोंबडीबद्दल वाद आहे. बेलार्मिनोमामा म्हणतो, दोन.)

पलीकडे पोचेपर्यंत दाराची चौकट कलली.
तेव्हापासून ते नुसतं ढकलून लागत नाही.
मूठ धरायची, दोन बोटं वर उचलायचं,
मग खांदा, हलकेच.

आजोबा सुतार होते.
गावातली निम्मी दारं त्यांच्या हातची,
एकही कुरकुरत नाही अजून.
स्वतःचं तेवढं राहिलं.
आजी चिडायची. एकदा तिनं रंधाच आणून
जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या ताटलीत.
त्यांनी तो पुसला, तेल लावलं, जागेवर नेऊन ठेवला.
"एवढं पोहून आलंय ते," म्हणाले,
"थोडं लंगडू दे."

गेल्या जुलैत गेले.
शवपेटी न्यायला बाहेरगावाहून आलेला माणूस
दाराशी झटत राहिला, लाथ घालणार इतक्यात
आम्ही सातही जण एकदम ओरडलो, उचला!
त्याला वाटलं, पेटी.
तीन दिवस न रडलेली एदेल्मिरामावशी
आधी हसली.
मग थांबेचना.

वाटणीला वेळ लागला नाही.
होडी मामाला, करवती धाकट्याला,
बटाट्याचं बियाणं सगळ्यांना, नऊ जातींचं.
आणि एक वही, जिच्यात नुसती मापं:
कुणाची खिडकी, कुणाचा पाळणा,
शेवटच्या पानावर पेन्सिलीनं
त्यांची स्वतःची उंची, खांद्याची रुंदी,
आणि खाली: सायप्रस नको, महाग आहे.

मी पुन्ता आरेनासला परतले.
तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची जागा,
कारखान्यातून आलेलं दार, ओळंब्यात.
परवा माझी यास्ना, चार वर्षांची,
चिलोए अजून न पाहिलेली,
वाऱ्यातून धावत आत आली,
टाचा उंचावून दोन्ही हातांनी
दाराची मूठ वर रेटली,
मग खांदा.

"अगं, हे तर सरळ आहे," मी म्हटलं.
"मग काय झालं?" म्हणाली,
आणि बूट काढायला बसली.